बिल्याचं ताट

आमच्या घरात एक रीत आहे. घरातला पुरुष दर्यावर गेला की त्याचं ताट घासून, पुसून, फळीवर भिंतीला टेकवून उभं करायचं. तो परत येईपर्यंत त्या ताटात दुसऱ्या कोणी जेवायचं नाही, लेकरालासुद्धा त्यातून घास द्यायचा नाही. तो आपल्या पायांनी उंबऱ्याच्या आत आला की ताट आडवं करायचं, आणि आडवं केलेलं ताट त्या दिवशी उपाशी ठेवायचं नाही, त्यात त्यानं जेवायचंच. नाहीच आला, तर भरतीच्या वेळी ताट घेऊन कमरेएवढ्या पाण्यात जायचं आणि ते दर्याला द्यायचं. सगळ्या किनाऱ्यावर ही रीत असेल असं मी म्हणत नाही. शेजारच्या घरात हसतात. हसू देत. आमच्या घरात ती माझ्या आईच्या आईपासून चालत आली आहे आणि मी जिवंत आहे तोवर चालणार आहे.

मध्ये शेजारच्या देशाशी आपली लढाई पेटली होती तेव्हा माझा नातू गुजरातकडच्या एका बोटीवर खलाशी होता. फोन लागत नव्हता. माझी नातसून दीपाली दिवसभर टीव्हीसमोर बसून असायची, पोर मांडीवर. आणि एका संध्याकाळी टीव्हीवाल्यांनी सांगितलं की लढाई थांबली, अमेरिकेचा अध्यक्ष तसं म्हणतोय. पोरगी आनंदानं उठली, नवऱ्याचं ताट फळीवरून काढलं, आडवं केलं, त्यात भात कालवला आणि पोराला भरवायला घेतलं. पहिला घास पोराच्या तोंडापाशी गेला असेल, मी ताट ओढून घेतलं. भात सांडला. पोर रडायला लागलं. ती म्हणाली, "आजोबा, अमेरिकेच्या अध्यक्षानं स्वतः सांगितलंय."

"त्यानं मागंपण सांगितलं होतं," मी म्हटलं.

ती काही समजली नाही. तिला वाटलं म्हातारा भ्रमिष्ट झाला. नातू पुढं सुखरूप आला, पाठीवर पिशवी आणि तोंडात गुटख्याचा तोबरा, आणि आधी त्यासाठी माझ्या शिव्या खाल्ल्या, मग त्याच ताटात जेवला. पण दीपालीचा राग गेला नाही. चहा आणून ठेवायची, बोलायची नाही. मग एक दिवस भांडी लावताना तिनंच विचारलं की आजोबा, घरात दर्यावर जाणारा एकच आहे, मग फळीवर दोन ताटं का. हे जुनं, काळवंडलेलं जर्मलचं ताट कोणाचं. मी म्हटलं, सांगण्यासारखं नाय, लिहून देतो. जवळच बसलेली माझी नात म्हणाली, आजोबा, तुमी बोला, मी मोबाइलवर टाइप करते. मी नाही म्हटलं. चौथीपर्यंत शिकलोय, माझा हात हळू चालतो, पण चालतो.

ही माझ्या पोरवयातली गोष्ट. तेव्हा तारापूरला अणुशक्तीचं काम चालू होतं आणि ते काम अमेरिकेची माणसं करत होती. खडकात सुरुंग लावायचे. आधी जमीन थरथरायची, मग आवाज यायचा, आणि आमच्या घरातली पितळेची भांडी फळीवर किणकिणायची. आय म्हणायची, कोंबड्यांनी अंडी द्यायची सोडली या सायबांपायी. आमचं घर किनाऱ्याला लागून, ताडांच्या रांगेपलीकडं. दारात वलांड्या, म्हणजे बोंबील सुकवायचे बांबू, आणि थंडीत त्यांच्यावर बोंबील असे एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून लटकलेले असायचे की वारा आला की सगळी रांग सळसळायची. सकाळी तांदळाची भाकरी आणि भाजलेला बोंबील, दुपारी भात आणि जे जाळ्यात आलं त्याचं कालवण. अमेरिका आमच्या घरात सायबांच्याही आधी आली होती ती रेशनच्या गव्हाच्या रूपानं. लाल गहू. आमी भात खाणारी माणसं, आयला त्याचं काय करायचं कळेना. तिनं तो भातासारखा शिजवून बघितला. माझा मामा, जो आमच्या बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान होता, तो एक घास खाऊन म्हणाला, "ताई, हे जाळ्याला बांधायला दे. बुडायला चांगलं."

बाबाही आधी बोटीवरच होते. डोलकाठी निसटून खांद्यावर आली, खांदा निखळला, तो नीट बसला नाही. मग त्यांना अमेरिकनांच्या कॉलनीत माळ्याचं काम मिळालं. दर्यावरचा माणूस झाडांना पाणी घालायला लागला म्हणून किनाऱ्यावर त्यांची भारी चेष्टा व्हायची. "काय सोमा, आज गुलाबं किती घावली? आकडी लावलीस का जाळं टाकलंस?" बाबा तसेच पुढं चालत राहायचे. पण त्यांना मनात लागायचं, मला ठाऊक आहे, कारण तो हट्टी मानी स्वभाव मला त्यांच्याकडूनच आला.

मग ज्या सायबाची बाग ते बघायचे, त्यानं त्यांना एक ट्रान्झिस्टर दिला. जुना होता, कातड्याच्या पिशवीतला. त्या दिवसापासून बाबांची किनाऱ्यावरची जागा बदलली. संध्याकाळच्या मराठी बातम्या ते कान लावून ऐकायचे, आणि त्यात अमेरिकेचं जे काही असेल ते उचलून थेट जाळी सांधत बसलेल्या माणसांत जायचे. अमेरिका म्हणजे जणू त्यांची सासुरवाडी. तिकडं काळ्या माणसांचा एक मोठा पुढारी गोळी घालून मारला, ते बाबांनी सांगितलं. मागं ज्या अध्यक्षाला उघड्या मोटारीत मारलं होतं, त्याच्याच भावालाही मारलं, तेही सांगितलं. मामा हातातली सुई थांबवून म्हणाला, "सोमा, यांच्याकडं एवढं धान्य हाय की जगाला वाटतात. मग हे एकमेकांना मारतात कशापायी?" बाबा म्हणाले, "पोट भरलेलं असतं म्हणून." सगळे हसले. त्या हसण्यात आता चेष्टा नव्हती. गुलाबांचं कोणी बोलेनासं झालं. रोज कोणीतरी विचारायचा, "काय म्हणते अमेरिका?" आणि बाबा आधी विडी पेटवायचे, मग सांगायचे.

आय त्याच सायबाच्या बंगल्यावर मासळी द्यायची. डोक्यावर पाटी, मागच्या दारानं. सायबाची बायको, तिला आम्ही मडम म्हणायचो, पापलेट आणि कोलंबी घ्यायची. बोंबलाचं नाव काढलं की नाकाला रुमाल. पण तिला बोलायची हौस होती आणि बंगल्यात बोलायला कोणी नव्हतं. स्वयंपाक्याकडून ती मोडकंतोडकं हिंदी शिकली होती. आयला हिंदी त्याहून कमी. तरी दोघी मागच्या पायरीवर तासभर बसायच्या. काय बोलायच्या देव जाणे. मी एकदा ऐकलं तर मडम आपल्या पोराचा फोटो दाखवत होती आणि आय माझ्या लहानपणच्या गोवराबद्दल सांगत होती, आणि दोघी एकमेकींना हां हां म्हणत होत्या.

तो पोरगा एका सुट्टीत आला. बिली. माझ्याच वयाचा, मिसरूड फुटलेलं, माझ्याहून हातभर उंच. आमच्या उन्हात तो उकडलेल्या कोलंबीसारखा लाल झाला. त्यानं हट्ट धरला की बोटीवर जायचं. सायेब नाही म्हणत होता, मडमनं आयकडं बघितलं, आयनं मामाकडं, मामा म्हणाला, "येऊ दे. ओकला तर माशांना खाणं." आय त्याच दिवशी बोईसरच्या बाजारातून जर्मलचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, एक नवं ताट घेऊन आली आणि आम्ही निघालो तेव्हा फळीवर माझ्या ताटाशेजारी ते उभं केलं. मडम तेव्हा आमच्याच ओट्यावर होती. तिनं विचारलं हे काय. आयनं खुणांनी आणि मी हिंदीत सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. दर्याला द्यायचं तेही.

बोटीवर बिली ओकला, चांगला ओकला. मामा म्हणाला, "दर्या आज जेवला, आता जाळं भरून देणार." मग जाळं ओढायची वेळ आली तर हा पुढं. दोरानं त्याचे तळवे सोलून निघाले. मी म्हटलं सोड, तर मान हलवली आणि ओढत राहिला. तिथं तो मला आवडला. घरी आलो तेव्हा दोघांची ताटं आडवी झाली, आयनं भात आणि ओल्या बोंबलाचं कालवण वाढलं, आणि ज्याच्या आईनं नाकाला रुमाल लावला होता, तो पोरगा सोललेल्या हातांनी, तिखटानं डोळ्यांत पाणी येत असताना, बोंबील काट्यासकट खाऊन ताट बोटानं पुसून बसला. आय त्याला बिल्या म्हणायला लागली. उरलेल्या सुट्टीत तो आमच्याकडंच जास्त असायचा. त्याला ताडगोळे आवडायचे. मी त्याला दोन शिव्या शिकवल्या, त्या त्यानं मामावरच वापरल्या.

पुढच्या वर्षी तो आला नाही. मासळी घेताना मडमनं आयला सांगितलं की त्याला सरकारनं लढाईवर बोलावलंय. अमेरिकेची तेव्हा व्हिएतनामात लढाई चालली होती. बाबा किनाऱ्यावर रोज सांगायचे, पण तोवर आम्हाला ती बाबांची गोष्ट वाटायची, दुसऱ्या कोणाची. आय घरी आली, पाटी टेकवली, फडक्यात गुंडाळून ठेवलेलं ते जर्मलचं ताट काढलं, राखेनं घासलं, पुसलं आणि फळीवर उभं केलं. बाबा म्हणाले, "तो काय बोटीवर गेलाय होय?" आय म्हणाली, "दर्याच्या पलीकडंच गेलाय ना."

तेव्हापासून मडम आमच्याकडं आली की आधी फळीकडं बघायची. चपला काढायच्याही आधी. ताट उभं दिसलं की मग ओट्यावर बसायची. रुमाल तिनं कधीच सोडून दिला होता. आयबरोबर बसून ती बोंबील अडकवायलाही शिकली, जबड्यात जबडा. बाबा मात्र आता बातम्या ऐकताना वेगळे बसायचे. किती मेले हे येऊ लागलं की ते आवाज बारीक करायचे आणि किनाऱ्यावर तेवढं गाळून बाकीचं सांगायचे.

ती संध्याकाळ दिवाळीनंतरची. आमची बोट किनाऱ्याला होती, मी जाळ्यापाशी मामाबरोबर बसलो होतो. बाबा वाळूतून येताना दिसले, जवळजवळ पळत, मोडका खांदा एका बाजूला पडलेला आणि ट्रान्झिस्टर छातीशी धरलेला. विडी पेटवली नाही, काही नाही. म्हणाले, "लढाई थांबली. त्यांच्या अध्यक्षानं स्वतः सांगितलं." मामानं विचारलं, म्हणजे पोरगा कधी येतोय. बाबा म्हणाले, "निघालापण असंल." कोणीतरी ताडीचं मडकं आणलं. बाबांना मधे बसवलं. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी नंतर त्यांच्या चेहऱ्यावर बघितला नाही, माझ्या लग्नातसुद्धा नाही.

बातमीत काय सांगितलं होतं ते मला फार उशिरा कळलं. व्हिएतनामच्या उत्तरेकडच्या भागावर विमानातून बॉम्ब टाकायचे थांबवतो, एवढंच तो अध्यक्ष म्हणाला होता. जमिनीवर माणसं लढतच होती. पण बाबांच्या लेखी लढाई म्हणजे वरून बॉम्ब. ते पडायचे थांबले की संपलं. आणि त्यांना ते तसं ऐकायचंच होतं. आता माझा नातू फोनवर दिवसाला शंभर बातम्या बघतो, अमेरिकेच्या, रशियाच्या, आणि मला सांगतो की आजोबा, आता कोणाला फसवता येत नाय, सगळं लगेच कळतं. मी म्हणतो, बाळा, कान तेच हायत.

आय चुलीपाशी होती. बाबांनी सांगितलं तेव्हा तिनं आधी हात धुतले. मग उठून बिल्याचं ताट काढलं. ही तीच बाई जी माझ्या मामीला, नुसतं शीड दिसलं म्हणून ताटाला हात लावला तर, सगळ्यांसमोर झापायची. मी म्हटलं, "आय, तो आला नाय अजून." ती म्हणाली, "पोचायचा तवा पोचंल. त्याच्या आईच्या पोटात तर आधी पडू दे. आई नि पोर काय वेगळं असतं?" ताट आडवं केलं की ते उपाशी ठेवायचं नाही, आणि पोरगा तर लांब, म्हणून तिनं आपल्या मनानं ही वाट काढली. त्यात भात वाढला, नारळाच्या रसातलं पापलेट वाढलं, मडमला सोसेल असं कमी तिखट, वर केळीचं पान झाकलं आणि ताट पाटीत ठेवून डोक्यावर घेतलं. मी बरोबर गेलो. दिवे लागायची वेळ होती.

बंगल्यात मोठा रेडिओ इंग्रजीत बोलत होता. आयनं मागच्या दारातून आत जाऊन ताट जमिनीवर ठेवलं, पान उचललं आणि मडमला हातानं दाखवलं, आडवं. मग म्हणाली, "बिल्या आता हाय." आता है असं तिला म्हणायचं होतं, येतोय. मडमनं ताटाकडं बघितलं. तिनं ते ओळखलं. ती रंगानं आधीच गोरी, त्यात तिच्या तोंडावरचं सगळं रक्त गेलं. बाहेरच्या खोलीतून सायेब काहीतरी बोलत आला, दारात थांबला, ताट बघितलं, आयला बघितलं, आणि मडमला काहीतरी समजावून सांगायला लागला. मडमनं हात वर करून त्याला गप्प केलं. मग ती फरशीवर मांडी घालून बसली. आयनं पहिला घास तिच्या हातात दिला. ती जेवली. सगळं ताट, भाताचं शीतही न ठेवता, आणि शेवटी पोरानं आमच्या घरी पुसलं होतं तसंच बोटानं पुसलं. सायेब दारात उभा राहून बघत होता, मग तोंड फिरवून निघून गेला. रिकामं ताट पाटीत घेऊन आय घरी येईपर्यंत गुणगुणत होती.

थंडी पडली, बोंबलाचे दिवस आले. बाबा बागेत पाणी घालत होते तेव्हा मुंबईहून एक गाडी बंगल्याशी आली आणि तिच्यातून दोन फौजी माणसं टोप्या हातात घेऊन उतरली. आतून मडमचा आवाज आला असं बाबा म्हणाले. कसला आवाज ते त्यांनी सांगितलं नाही. पाण्याची नळी तशीच वाहती टाकून ते घरी चालत आले. आय वलांडीखाली बसून बोंबील अडकवत होती. बाबांनी तिला दोन शब्दांत सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. दोन दोन बोंबील घेत राहिली, जबड्यात जबडा, पाटी संपेपर्यंत. मग आत गेली आणि बिल्याचं ताट फळीवर उभं केलं. बाबा म्हणाले, "आता उभं करून काय?" तिनं त्यांच्याकडं वळून बघितलं.

"तुमी नीट ऐकलं व्हतं ना?"

"ऐकलं तसं सांगितलं," बाबा म्हणाले.

यावर त्या दोघांत पुन्हा कधी बोलणं झालं नाही. बाबांनी ट्रान्झिस्टर पिशवीत घातला, पिशवी लुगड्यात गुंडाळली आणि पेटीच्या तळाशी ठेवली. किनाऱ्यावर कोणी सवयीनं विचारलं, काय म्हणते अमेरिका, तर म्हणायचे, "मला काय ठावं. मी माळी माणूस."

आय कॉलनीत जायची बंद झाली. मासळी माझ्या हातून पाठवायची. मडम दर वेळी विचारायची, माँ किधर. मी सांगायचो, बुखार. माझी आय दिवसभर एका गोष्टीशी झगडत होती आणि ती गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली, चुलीकडं तोंड करून. "मी आईला पोराचं ताट खायला घातलं." एवढंच. मी म्हटलं की गोळी तिकडं लागली, ताट इकडं होतं. ती म्हणाली, "तू गप बस."

होळीच्या सुमाराला अमेरिकनांचं काम संपत आलं, बंगले रिकामे व्हायला लागले. एका दुपारी मडम एकटी चालत आमच्या घरी आली. केस अर्धे पांढरे झाले होते. चपला काढायच्या आधी तिनं फळीकडं बघितलं. ताट उभं. तिला ती रीत पूर्ण ठाऊक होती. तिनं आयपाशी बसून हळू हळू सांगितलं की परवा आम्ही जातो, आणि बिली गेला आहे, त्याला तिकडं त्यांच्या गावात पुरलं आहे, तर हे ताट आता दर्याला दिलं पाहिजे, आणि मला ते तुझ्याबरोबर द्यायचं आहे. मी एक एक शब्द मराठीत करून आयला सांगितला. आय उठली आणि ताट काढून पदरात घेतलं.

भरती चढत होती. दोघी पाण्यात गेल्या, आयचं लुगडं आणि मडमचा झगा दोन्ही भिजून अंगाला चिकटलेले. मी त्यांच्या मागं. कमरेएवढ्या पाण्यात आयनं ताट पुढं धरलं आणि मडमनं दुसऱ्या बाजूनं धरलं. लाट आली, ओसरली. आय सोडेना. मडम तिच्या तोंडाकडं बघत होती. मग ती बोलली, मोडक्या हिंदीत, जोरानं, कारण लाटांचा आवाज होता.

"मेरे को मालूम था. उस दिन. साहब बोला, लड़ाई बंद नहीं हुआ. मेरे को मालूम था. तुम इतना खुश था. मैं भी एक शाम खुश होना मांगती थी."

आयला यातलं काय कळलं आणि काय नाही मला ठाऊक नाही. पण सगळं कळल्यासारखं तिचं तोंड झालं. ती आपल्या बोलीत म्हणाली, "तुला ठावं व्हतं, तर तू माझा हात का नाय धरलास गो?"

मडमनं माझ्याकडं बघितलं, मी हिंदीत करून सांगीन म्हणून. आय पण माझ्याकडं बघत होती, सांग म्हणून. मी दोघींच्या मधे पाण्यात उभा होतो आणि मी सांगितलं नाही. आजही सांगणार नाही. काही बोलणं एका बाजूला राहिलेलं बरं असतं.

पुढची लाट मोठी होती. तिच्यात मडमचा हात सुटला, का तिनं सोडला, कोण जाणे. मला वाटतं तिनं सोडला. आयचा सुटला नाही. लाट ओसरली तेव्हा ताट तिच्या छातीशी होतं, दोन्ही हातांनी धरलेलं. मडम पुढं झाली, आयच्या गालाला गाल लावला, आणि वळून किनाऱ्याकडं चालत गेली. ज्या बाईनं त्याला जन्म दिला ती देऊन मोकळी झाली. माझी आय ओलं ताट घेऊन घरी आली आणि तिनं ते फळीवर उभं केलं.

मग पाऊस लागला. बोटी ओढून वर घेतल्या, ताडाच्या झावळ्यांची झापं बांधली, आणि घरात बसायचे दिवस आले. सगळीकडं एकच बोलणं होतं की अमेरिकेची माणसं चंद्रावर चालली आहेत. किनाऱ्यावर, बोईसरच्या बाजारात, रेशनच्या रांगेत. आमच्याच घरात कोणी बोलत नव्हतं. एका संध्याकाळी आय कोपऱ्यात सुकट निवडत होती आणि अचानक म्हणाली, "त्या माणसांच्या आया काय करत असतील?"

बाबांनी मान वर केली. मग त्यांनी उठून पेटी उघडली, लुगडं सोडलं आणि ट्रान्झिस्टर काढला. सेल फुटून आतून पांढरं आलं होतं. त्यांनी ते घासून काढलं. मी पावसात बोईसरला जाऊन नवे सेल आणले. त्या दिवसापासून बाबा रोज कान लावून बसायचे आणि आय त्यांच्याकडं न बघता आपलं काम करत बसायची. उतरले, हे बाबांनी सांगितलं. मामानं विचारलं, तिकडं पाणी हाय का, बाबा म्हणाले नाय. मामा म्हणाला, मग कशाला गेले. चालले चंद्रावर, हेही बाबांनी सांगितलं. आय सुकट निवडत राहिली.

ज्या दिवशी ते परतले त्या दिवशी बाबांनी बातमी पूर्ण ऐकली. शेवटपर्यंत, हवामानासकट. मग ट्रान्झिस्टर बंद केला आणि आयच्या समोर येऊन बसले. किनाऱ्यावर गेले नाहीत.

"नीट ऐकलं," ते म्हणाले. "या टायमाला नीट ऐकलं. ते आले परत."

"कुठं उतरले?"

"दर्यात. दर्यात पडले, मग बोटीवर उचलून घेतले. सगळे जिवंत हायत."

आयच्या हातातली सुकट तशीच राहिली. "दर्यात पडले नि दर्यानं दिले?"

"व्हय."

बाहेर पाऊस झापांवर वाजत होता. आय उठली, फळीवरून बिल्याचं ताट काढलं, पदराच्या कोरड्या टोकानं पुढून पुसलं, मागून पुसलं, आणि दिव्यासमोर धरून बघितलं.

"एवढ्या लांबून येतात माणसं," ती म्हणाली, आणि ताट जागेवर उभं केलं.